जागता गुडघा

चौकशी समितीचा निकाल अडीच पानांचा होता. जिनादलाच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून स्वरूपा ठवरेनं तो तीनदा वाचला. तेविसाव्या मजल्याच्या वर तिनं घेतलेला निर्णय उपलब्ध परिस्थितीत योग्य होता, तिच्याकडून कोणताही हलगर्जीपणा झालेला नव्हता आणि सोमवारपासून तिनं कामावर रुजू व्हायला समितीची हरकत नव्हती.

नागपुरात त्या काळी पन्नास-साठ मजल्यांच्या इमारतींचं कुणाला अप्रूप राहिलं नव्हतं. आग लागली की तिथल्या लिफ्ट आपोआप बंद पडत. उडती यंत्रं वरून पाण्याचा मारा करत, पण धुरात शिरून माणूस उचलणं त्यांना जमत नसे. ज्यांना चालता येत नाही, अशा म्हाताऱ्या, आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना खाली आणायचं तर कुणीतरी त्यांना पाठीवर घेऊन जिन्यानंच उतरायला हवं. त्यासाठी जिनादल होतं. दलातला प्रत्येक जण पाठीला एक हलकी खुर्ची बांधी, तीत माणसाला पट्ट्यांनी आवळून बसवी आणि चाळीस-चाळीस मजले उतरे. पाठीवर साठ-सत्तर किलो आणि प्रत्येक पायरीला गुडघ्यावर त्याच्या तिप्पट-चौपट भार. चार वर्षांत बहुतेकांचे गुडघे निकामी व्हायचे. स्वरूपाला मात्र या कामात नववं वर्ष होतं. तिच्या उजव्या गुडघ्यावर तीन वर्षांपूर्वी उपचार झाले होते, आणि तेव्हापासून तो एकदाही दुखला नव्हता.

"स्वरूपाबाई?"

तिनं मान वर केली. समोर शालिनीताई कुहीकर उभ्या होत्या. मार्चमध्ये 'नभांगण' या इमारतीला आग लागली तेव्हा एकतिसाव्या मजल्यावरून जिनादलानं ज्या नवरा-बायकोला उतरवायला घेतलं, त्यांतल्या या. नवरा विनायक कुहीकर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, अर्धांगानं एक बाजू गेलेले. त्यांना स्वरूपानं पाठीवर घेतलं होतं. शालिनीताईंना इक्बाल शेखनं. शालिनीताई वाचल्या. कुहीकर सर गेले.

"मला भांडायचं नाही, बाई," त्या बाकावर टेकत म्हणाल्या. "साहेबांनी मला निकाल वाचून दाखवला. तुझी चूक नाही म्हणतात, तर नसेल. मला फक्त समजून घ्यायचंय. इक्बालनं मला घेऊन तिथून उडी मारली. तू का नाही मारलीस?"

स्वरूपानं निकालाच्या कागदांची घडी घातली.

"तू घाबरलीस का गं? घाबरली असशील तर मला समजेल. मीसुद्धा घाबरले होते."

"नाही, काकू," स्वरूपा म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं. "मी घाबरले नव्हते."

शालिनीताईंचा चेहरा पाहताच तिच्या लक्षात आलं की ऐकणाऱ्याला यापेक्षा वाईट उत्तर असू शकत नव्हतं.

*

त्या दिवशी घडलं ते असं. चोविसाव्या आणि तेविसाव्या मजल्यांच्या मधल्या जिन्याच्या सहा पायऱ्या स्फोटात कोसळल्या होत्या. कडेला उभं राहून पाहिलं तर खालचा सपाट भाग दिसत होता, जेमतेम छातीइतका खोल. वरून धूर उतरत होता. पाठीवर सरांचे अडुसष्ट किलो होते. पूर्वी सरावात तिनं अशा उड्या कितीतरी वेळा मारल्या होत्या.

पण तिचा पाय उचललाच नाही. दुखलं नाही की थरथर झाली नाही. उलट डोकं विलक्षण शांत झालं आणि त्या शांतपणात तिला सगळं स्वच्छ दिसलं. एवढं वजन घेऊन उडी मारली तर दोघंही मोडणार. पूर्वेकडचा जिना मोकळा असेल. तो आधी पाहून यावं. तिनं पट्टे सोडले, सरांना खुर्चीसकट भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाली, "सर, दोन मिनिटं. पलीकडचा जिना बघून येते."

सरांना फारसं बोलता येत नसे. ते म्हणाले, "बरं."

पूर्वेचा जिना मोकळा नव्हता. ती परतली तेव्हा मधल्या दालनाचं दार तापून अडकलं होतं. तिच्या एकटीनं ते उघडेना; दुसरी तुकडी आली तेव्हाच ती सुटली. दरम्यान शालिनीताईंना पाठीवर घेतलेला इक्बाल कडेपर्यंत आला होता. भिंतीशी बसलेल्या सरांना "आलोच, काका," म्हणून त्यानं उडी मारली. शालिनीताई सुखरूप उतरल्या. इक्बालचा डावा गुडघा उतरताना पिळला आणि आतून कट्‌कन आवाज आला. त्याला पुन्हा वर चढता आलं नाही. शालिनीताई खालून नवऱ्याला हाका मारत राहिल्या. पहिल्या दोन-तीन हाकांना वरून ओ आली.

*

"मला एकच सांगा, डॉक्टर," स्वरूपा म्हणाली. "त्या दिवशी थांबले ती मी होते का?"

डॉ. यशोधन ओगले साठीचे होते. या उपचाराची पद्धत त्यांनीच शोधली होती आणि स्वरूपाचा गुडघाही त्यांनीच शिवला होता. सहायकाला सांगून त्यांनी लाकडी चौथरे मांडून घेतले, दोन फुटांचा, तीन फुटांचा आणि चार फुटांचा. मग स्वरूपाच्या मांडीला स्नायूंतली वीज टिपणाऱ्या तारा चिकटवल्या आणि तिच्या पाठखुर्चीत सत्तर किलो वाळूची पोती बांधली.

दोन फुटांवरून तिनं सहज उडी मारली. तीन फुटांवरूनही मारली. चार फुटांच्या चौथऱ्यावर ती चढली, कडेला आली आणि म्हणाली, "एक मिनिट, डॉक्टर. हा पट्टा सैल वाटतोय. आधी नीट बांधू या."

सहायकानं पट्टा तपासला. तो सैल नव्हता.

"मग खालची चटई सरकलीय. पाय घसरेल."

"उतरा खाली," डॉक्टर म्हणाले. "पायऱ्यांनी उतरा."

त्यांनी तिला पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर एक निळी रेघ दाटीनं थरथरत पुढे जात होती आणि एका ठिकाणी एकदम सपाट झाली होती.

"ही तुमच्या मांडीच्या स्नायूची नोंद. इथं तो गप्प झाला. आणि हा तुमचा आवाज, पट्टा सैल आहे म्हणालात तो. दोन्हींत अंतर किती आहे बघा."

"दीड सेकंद."

"दीड सेकंद आधी तुमच्या पायानं नाही म्हटलं. ते पट्ट्याचं कारण तुम्हाला नंतर सुचलं."

स्वरूपानं रेघेच्या सपाट तुकड्यावर बोट ठेवलं.

"मला समजेल असं सांगा," स्वरूपा म्हणाली.

डॉक्टरांनी टेबलावरचा गुडघ्याचा नमुना पुढे ओढला. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या, म्हणजे लवचिक पांढऱ्या ऊतीच्या, चंद्रकोरीसारख्या दोन चकत्या असतात. लोक त्यांना गुडघ्याची गादी म्हणतात. हाडांवर येणारा भार त्या झेलतात आणि पसरवतात. गादीच्या बाहेरच्या काठाला रक्त पोचतं. आतल्या भागाला पोचत नाही. शरीरात जखम भरायला लागणारं सगळं सामान रक्तातून येतं, त्यामुळे गादी आतल्या भागात फाटली तर कितीही नेटके टाके घाला, ती सांधली जात नसे. पूर्वी डॉक्टर फाटका तुकडा कापून टाकत. मग काही वर्षांत हाडावर हाड घासू लागे.

"मी टाक्यांच्या मदतीला सजीव माल दिला," ओगले म्हणाले. "तुमच्याच हाडांच्या मगजातल्या पेशी घेतल्या, तीन आठवडे वाढवल्या. तुमच्याच रक्तातल्या गोठणाऱ्या प्रथिनाचा गर केला, त्यात त्या पेरल्या आणि दुर्बिणीतून तो गर शिवणीत भरला. त्या पेशींना एक काम शिकवलं होतं. रक्तवाहिन्यांना बोलवायचं. तीन महिन्यांत काठावरच्या बारीक वाहिन्या आतल्या पांढऱ्या भागात शिरल्या. जिथं कधीच रक्त नव्हतं तिथं रक्त पोचलं. शिवण भरली."

"हे तुम्ही तेव्हाही सांगितलं होतं."

"हो. आणि वाहिन्यांच्या सोबतीनं मज्जातंतूही आत शिरतात, तेही सांगितलं होतं. आम्हाला भीती होती की आता ही गादी दुखत राहील. ती दुखली नाही. ती जागी झाली. भार तिच्या सोसण्यापलीकडे जाणार असं दिसलं की ती मणक्यातल्या मज्जारज्जूला निरोप धाडते आणि मांडीचा स्नायू ढिला पडतो. माणूस थांबतो, गादी वाचते. म्हणून लोक याला जागता गुडघा म्हणायला लागले. पुन्हा कधीही न फाटणारा गुडघा. आज देशात चाळीस लाख लोकांच्या पायांत तो आहे. सैन्यात आहे, तुमच्या दलात आहे."

"पण मी तर उडी मारलीच नव्हती. भार आलाच नव्हता. मग गादीला कसं कळलं?"

ओगल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गादीला कळलं नाही. मेंदूला कळलं. त्या निरोपांसोबत राहून तो काही महिन्यांतच शिकतो. आता निरोप येण्याची तो वाट बघत नाही. कडा दिसली, वजन जाणवलं की तो आधीच स्नायू आवरतो. आणि स्वतःला पटेल असं कारण शोधतो. पट्टा सैल आहे. पलीकडे जिना असेल. कारण चांगलं असतं, हीच तर अडचण आहे. गेल्या दोन वर्षांत मला हे दिसायला लागलंय. अजून छापलेलं नाही."

"मला काहीच जाणवलं नाही. साधी भीतीसुद्धा नाही."

"नाहीच जाणवणार. धोका टळल्यावर मेंदूला घाबरायचं कारण काय?"

"हे बंद करता येतं?"

"तो तंतू कापता येतो. दहा मिनिटांचं काम आहे. पण त्याच्याबरोबर वाहिन्याही सुकतात. आठ-दहा महिन्यांत शिवण पूर्ण उसवेल, आणि दुसऱ्यांदा तिथं काही रुजणार नाही." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "आणखी एक सांगतो. ज्यांच्यात हे दिसलं अशा एकतीस जणांना मी तंतू कापायचा का म्हणून विचारलं. सगळ्यांनी नको म्हटलं. प्रत्येकाकडे उत्तम कारण होतं."

स्वरूपा उठली. "मला गुरुवारची वेळ द्या," ती म्हणाली.

*

बुधवारी संध्याकाळी ती इक्बालच्या घरी गेली. इक्बाल तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. तिला पाठखुर्ची बांधायला त्यानंच शिकवलं होतं, आणि त्या आगीपर्यंत त्याच्या गुडघ्यांना कधी उपचार लागले नव्हते. तो पलंगावर डावा पाय उशीवर ठेवून बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं.

"काहून इतका विचार करून राहिली तू?" तो म्हणाला. "समितीनं सोडलं ना?"

"उद्या माझ्यासोबत चला, इक्बालभाई. वाटेत मी कारणं सांगायला लागेन. ऐकू नका."

दुसऱ्या दिवशी रिक्षा अजनीचा चौक ओलांडते न ओलांडते तोच ती बोलायला लागली. इक्बालभाई रजेवर, त्यात मीही पाय बांधून बसले तर तुकडीत राहणार कोण? आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी हे छापलेलंही नाही, मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? एखादं वर्ष थांबलं तर यापेक्षा चांगली पद्धत निघेल. ती शांतपणे, मुद्देसूद बोलत होती आणि बोलता बोलता तिचं तिलाच पटत होतं. कुबडी छातीशी धरून इक्बाल रस्त्याकडे पाहत राहिला.

कायद्यानं संमती तिनं स्वतः द्यायला हवी होती. ओगल्यांनी कागद समोर ठेवला आणि ते खुर्चीत मागे रेलून बसले. त्यांनी घाई केली नाही. स्वरूपा तासभर बोलत होती. त्यांतलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. शेवटी तिची कारणं संपली आणि ती कागदाकडे पाहत राहिली. तिनं पेन उचललं.

"मी सांगितलं ते सगळं खरं आहे," ती म्हणाली. "तरी कापा."

आणि तिनं सही केली.

*

सहा आठवड्यांनी ती जिनादलाच्या सरावगृहात चार फुटांच्या चौथऱ्यावर उभी राहिली. पाठीवर सत्तर किलो वाळू होती. सकाळची वेळ होती, सरावगृहात बाकी कुणी नव्हतं. ती कडेपर्यंत आली, खाली पाहिलं आणि ती घाबरली.

कानांत ठोके ऐकू यायला लागले. गुडघा फुटेल, वाळू मानेवर आदळेल, दात पडतील, असं काहीबाही डोळ्यांसमोर यायला लागलं. यांत एकही विचार शांत नव्हता, मुद्देसूद नव्हता. तिला रडू यायला लागलं. तीन वर्षांत तिला असं झालं नव्हतं. भीती एवढी मोठी असते हे ती विसरूनच गेली होती.

मागे सरावं असं तिला फार वाटलं. ती सरली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग तोंडातून एक घाणेरडी शिवी बाहेर पडली आणि तिनं उडी मारली.

गुडघ्यातून कळ गेली. ती पालथी पडली, पण काही मोडलं नाही. चटईवर तशीच पडून ती हुंदके देत राहिली.

त्याच दिवशी दुपारी ती शालिनीताईंकडे गेली. त्या आता बहिणीच्या घरी राहत होत्या. स्वरूपानं त्यांना गादी, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, पडद्यावरची निळी रेघ, सगळं जमेल तसं सांगितलं.

"मला त्या दिवशी भीती वाटायला हवी होती, काकू," स्वरूपा म्हणाली. "वाटली असती तर मी तिच्याशी भांडले असते. हरलेही असते कदाचित. पण मला भांडायलाच मिळालं नाही."



"म्हणजे तू तिथं नव्हतीसच," त्या म्हणाल्या.

"नव्हते."

"मग ह्यांच्याजवळ कोणीच नव्हतं."

त्यांनी हे दोष द्यायला म्हटलं नव्हतं. निघताना शालिनीताईंनी तिला पाण्याचा पेला दिला आणि दारापर्यंत आल्या, एवढंच.

*

इक्बालनं जागत्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. स्वरूपानं त्याला अडवून पाहिलं.

"मला सगळं ठाऊक आहे, बाप्पा," तो म्हणाला. "तूच तर सांगितलं. पण लंगड्या माणसाला दलात घेत नाहीत, आणि दुसरं काम मला येत नाही. तसाच घरी बसून राहिलो तरी उडी मारणार नाहीच ना मी? आणि मी आपल्या मनाला ओळखतो. गुडघा काही बोलला तर मला समजेलच."

ओगल्यांचा निबंध त्या पावसाळ्यात छापून आला. चार दिवस त्यावर चर्चा झाली. तंतू कापून घ्यायची सोय सरकारनं सगळ्या मोठ्या दवाखान्यांत केली, तीही विनामूल्य. चाळीस लाखांपैकी अर्ज आले सतरा. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं की निबंध वाचला, विचार करायला लावणारा आहे, पण आमच्या बाबतीत तसं काही होत नाही.

नोव्हेंबरात एका दुपारी भोंगा वाजला. अठ्ठेचाळीस मजल्यांची इमारत, सदतिसाव्यावर आग, वरच्या मजल्यांवर माणसं अडकलेली. स्वरूपाची शिवण एव्हाना दोन ठिकाणी उसवली होती. गुडघ्याला पट्टा आवळून ती गाडीत चढली. गुडघा आणखी तीन-चार महिने टिकेल, असं ओगले म्हणाले होते.

गाडीत बाकांवर समोरासमोर आठ जण होते. पैकी सात जणांचे गुडघे जागते होते. खिडकीतून दूरवर धुराचा खांब दिसला आणि स्वरूपाचे हात थरथरायला लागले. तिनं ते मांड्यांखाली दाबून धरले.

समोर इक्बाल बसला होता. उपचारानंतरची त्याची ही पहिलीच आग. पूर्वी गाडी सुटली की तो अखंड पुटपुटत असे, कधी दुवा, कधी शिव्या, कधी ड्रायव्हरला सूचना. सगळ्यांना त्याचा वैताग येई. आज तो गप्प होता. त्याचा श्वास संथ होता, कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. तिच्या मांड्यांखालच्या हातांकडे त्यानं आपुलकीनं पाहिलं.

"घाबरू नको," तो म्हणाला. "जेवढं जमेल तेवढंच करायचं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणाच्या चेहऱ्यावर ताण नव्हता. शहाण्या, समजूतदार, झोप पूर्ण झालेल्या माणसांचे ते चेहरे होते. गाडी इमारतीच्या आवारात वळली. वर गॅलऱ्यांतून माणसं हात हलवत होती, ओरडत होती. खाली हे आठ जण उतरले. स्वरूपानं धुराकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या सोबत्यांच्या त्या शांत चेहऱ्यांकडे. तिला आगीपेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटली.

ती सगळ्यांच्या पुढे होऊन जिन्याकडे धावली.